देवाला हाडं, माणसाला मांस? प्राचीन ग्रीकांच्या देवधर्माविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ग्रीकांचा धर्मग्रंथ कोणता? होमरची महाकाव्यं हेच त्यांचं शास्त्र का?

नाही. देवांची नावं, त्यांची कामं आणि रूपं ग्रीकांना होमर आणि हेसिअड या कवींनी दिली, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलं आहे. पण पूजा कशी करायची, हे काव्यं उघडून कुणी ठरवत नसे. ते ठरे त्या त्या गावाच्या चालीरीतींवरून. अथेन्सच्या परिसरातल्या एर्खिया नावाच्या गावाचं इ.स.पू. चौथ्या शतकातलं पंचांग दगडावर कोरलेलं सापडलं आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या देवाला, कुठे, कोणतं जनावर आणि किती द्राख्मांचं (द्राख्मा म्हणजे ग्रीकांचं चांदीचं नाणं), एवढंच त्यात आहे. काही नोंदींपुढे सूचना आहे : मांस तिथेच संपवायचं, बाहेर न्यायचं नाही. ग्रीक धर्म समजून घ्यायचा असेल, तर देवांचा राजा झ्यूस याच्या प्रेमकथांआधी हा दगड वाचावा, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : बळी देऊन मांस स्वतःच खात, मग देवाला काय मिळे?

हा प्रश्न खुद्द ग्रीकांनाही पडला होता. हेसिअड सांगतो की माणसांची बाजू घेणाऱ्या प्रोमेथियस या देवाने बैलाचे दोन वाटे केले. एकात मांस, पण वरून पोटाची कातडी. दुसऱ्यात नुसती हाडं, पण वर लुसलुशीत चरबी. झ्यूसने चरबीचा वाटा उचलला, आणि तेव्हापासून माणसं देवांसाठी हाडं जाळतात.

प्रत्यक्षात विधी असा चाले. जनावराला सजवून मिरवत वेदीपाशी आणायचं. वेदी देवळाबाहेर, उघड्यावर असे. देऊळ हे मूर्तीचं घर, तिथे गर्दी करायची नसे. मिरवणुकीत पुढे एका मुलीच्या डोक्यावर टोपली, तिच्यात जवाचे दाणे आणि दाण्यांखाली सुरी. जमलेले लोक हात धुवत, दाणे टाकत, जनावराच्या कपाळावरचे चार केस कापून विस्तवात टाकत. गळ्यावर घाव बसताच बायका मोठ्याने आरोळी देत. मग मांडीची हाडं चरबीत गुंडाळून जाळायची, वर वाइन ओतायची. तो धूर देवांचा. काळीज, यकृत सळईवर भाजून जवळची मंडळी आधी खात आणि उरलेलं मांस शिजवून वाटलं जाई. आपल्याकडे जत्रेत बकऱ्याचे वाटे घालतात, त्यासारखंच हे. वाटा मिळाला म्हणजे तुम्ही त्या गावचे.

डोक्यावर पाणी शिंपडल्यावर जनावराने मान हलवली की ती त्याची संमती, असं पुष्कळ पुस्तकांत असतं. अलीकडच्या काही अभ्यासकांनी यावर शंका घेतली आहे आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. कातडीही वाया जात नसे. अथेन्सने इ.स.पू. ३३४ पासूनच्या काही वर्षांत बळीच्या जनावरांची कातडी विकून मिळवलेल्या पैशांचा हिशेब दगडावर कोरला आहे.

प्रश्न : लोकांची खरंच श्रद्धा होती, की नुसतं कर्मकांड? आणि मग सॉक्रेटिसला विष का दिलं?

श्रद्धा होती. वायव्य ग्रीसमधल्या एपिरस प्रांतात दोदोना इथे लोक शिशाच्या पातळ पट्टीवर प्रश्न कोरून झ्यूसला विचारत. अशा हजारो पट्ट्या सापडल्या आहेत. क्लेउतास विचारतो, मेंढ्या पाळल्या तर फायदा होईल का? एगिस नावाच्या माणसाची पांघरुणं आणि उशा गेल्या आहेत. त्या हरवल्या की बाहेरच्या कुणी चोरल्या, हे त्याला जाणून घ्यायचं आहे. लिसानियासला वेगळीच काळजी आहे : अन्निलाच्या पोटातलं मूल आपलं नाही का? घरातलं इतकं नाजूक दुखणं माणूस देवापुढे मांडतो, तेव्हा त्याला कोरडं कर्मकांड म्हणवत नाही.

कथांवर टीका मात्र चालत असे. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी आपल्यासारखेच देव काढले असते, असं झेनोफानिस हा विचारवंत कवी उघड म्हणाला. अथेन्सचा तत्त्वज्ञ सॉक्रेटिस याच्यावर इ.स.पू. ३९९ मध्ये आरोप आला तो शहराचे देव न मानण्याचा, नवी दैवतं आणण्याचा आणि तरुणांना बिघडवण्याचा. त्यामागे राजकारण होतंच. स्पार्टाशी हरलेलं युद्ध आणि त्यानंतरची जुलमी राजवट लोक विसरले नव्हते. पण त्याचा शिष्य झेनोफोन बचाव कसा करतो पाहा : सॉक्रेटिस घरी आणि शहराच्या वेद्यांवर बळी देताना सगळ्यांना दिसत असे! मनात काय होतं याआधी तो हातांनी काय केलं ते सांगतो.

प्रश्न : बायकांना धर्मात स्थान होतं का?

मतदानाचा हक्क नव्हता, पण अथेन्सची मुख्य देवी अथीना हिची पुजारीण बाईच असे. लिसिमाखीने हे पद ६४ वर्षं सांभाळलं. अथीना नाइकीच्या, म्हणजे विजय देणाऱ्या अथीनाच्या, पुजारणीला वर्षाला ५० द्राख्मा आणि सार्वजनिक बळींचे पाय व कातडी मिळत, तसा लेखच आहे. स्पार्टाचा राजा क्लेओमेनीस अथेन्सच्या अक्रोपोलिस या टेकडीवरच्या गाभाऱ्यात शिरू लागला, तेव्हा पुजारीण आसनावरून उठली आणि त्याला मागे फिरायला सांगितलं, असं हेरोडोटस सांगतो.

प्रश्न : आपल्या लेण्यांमध्ये यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं आहेत. त्यांनी आपले देव सोडले का?

कार्ल्याच्या बौद्ध चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दिले आहेत. हे सगळे मूळचे ग्रीकच होते का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण ‘सोडले का’ हा प्रश्न ग्रीक माणसाला बहुधा पडलाच नसता. परक्या गावी गेलं की तिथल्या देवालाही मान द्यायचा, ही त्यांची जुनी रीत. विदिशाजवळ गरुडध्वज उभारणारा तक्षशिलेचा हेलिओडोरस ग्रीक राजाचा दूत होता आणि लेखात स्वतःला भागवत, म्हणजे वासुदेवाचा भक्त, म्हणवतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत १७ क्रमांकाचं लेणं उत्तरेकडच्या दत्तामित्री या गावाहून आलेल्या योनक (म्हणजे यवन) इंद्राग्निदत्ताने कोरवून घेतलं. लेखात त्याने चैत्यगृह आणि पाण्याच्या टाक्यांचा उल्लेख केला आहे, मुलाचं धर्मरक्षित हे नाव दिलं आहे आणि हे सगळं आईवडिलांसाठी केल्याचं नोंदवलं आहे.