डॉक्युमेंट्री करायचीय, पण पोटाचं काय?

प्रश्न: ताई, मी बीडजवळच्या गावातला, मास कॉम केलंय, स्वतःचा कॅमेरा आहे आणि लग्नाचं शूटिंग करतो. आमच्याकडून दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात, त्यावर डॉक्युमेंट्री करायचं डोक्यात आहे. घरचे म्हणतात ह्यात पैसा नाही. हे स्वतंत्र डॉक्युमेंट्रीवाले जगतात तरी कशावर? लग्नाची कामं सोडून पूर्ण वेळ उतरू का?

उत्तर: अजिबात सोडू नकोस. घरचे अर्धं बरोबर बोलतायत, ह्यात पैसा येतो पण कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. बहुतेक जण कुठेतरी शिकवतात, संस्थांना फिल्म करून देतात, दुसऱ्यांचं एडिटिंग करतात आणि त्यावर स्वतःची फिल्म चालवतात. तुझं तर त्यातल्या त्यात बरंय, लग्नाचा मोठा धंदा एप्रिल-मे मध्ये आणि तोवर टोळ्या परतायला लागलेल्या असतात, तुळशीच्या लग्नानंतरच्या काही तारखा तेवढ्या जातील.

डॉक्युमेंट्रीवाले आनंद पटवर्धन, त्यांचं बघ. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जण गेले, त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला, तिथून सुरू झालेला त्यांचा 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण व्हायला २०११ उजाडलं. १४ वर्षं! लोक हे त्याग वगैरे म्हणून सांगतात, मला त्यात हिशोब दिसतो. कॅमेरा स्वतः, एडिटिंग स्वतः, टीम अगदी लहान, म्हणजे खर्च एवढा कमी की पैसे संपले म्हणून फिल्म बंद पडत नाही. (आता मुंबईत, स्वातंत्र्यचळवळीतल्या घरात वाढणं आणि बीडहून सुरुवात करणं एक नाही, हे पण बोललंच पाहिजे.)

ग्रँटचं म्हणशील तर बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आहे, अर्ज मराठीतही चालतो, कोलकात्याला डॉकेज नावाच्या डॉक्युमेंट्रीच्या कार्यक्रमात पिचिंग होतं, म्हणजे पैसे देऊ शकणाऱ्यांसमोर आपली फिल्म मांडायची. पण नुसती आयडिया घेऊन जाऊ नकोस, एक हंगाम शूट कर, पाच-सात मिनिटं कापून ठेव, मग अर्ज.

आणि मला पैशापेक्षा दुसरीच काळजी आहे. २०१९ ला ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या, बाहेरचे कॅमेरे आले, बाइट घेतले, गेले. तुला तिथेच राहायचंय. मुकादमाला (टोळी नेणारा ठेकेदार) धरून फडात, म्हणजे तोड चाललेल्या उसात, शिरलास तर त्याच्यासमोर कोण खरं बोलणार, उचल (आगाऊ पैसे) त्याचीच घेतलेली असते आणि पुढच्या वर्षी कोयता बांधायचा, म्हणजे कामाचं ठरवायचं, ते त्याच्याकडेच. म्हणून पहिले काही दिवस कॅमेरा बॅगेतच ठेव, कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) जाऊन बस, गप्पा मार. जी बाई बोलेल तिला रफ कट (कच्चं एडिटिंग) दाखव, नको म्हणाली तर तो भाग काढून टाक, कितीही भारी असला तरी. लेखी संमती घे पण सहीवर विसंबू नकोस, हंगाम संपल्यावर परत विचार, कारण उचल डोक्यावर असताना दिलेला होकार आणि नंतरचा होकार ह्यात फरक पडतो.

कॅमेरा बदलायच्या आधी चांगला माइक घे, फडात वारा फार असतो.

प्रश्न: डॉक्युमेंट्रीला सेन्सॉर लागतं का?

उत्तर: लोकांसमोर जाहीर दाखवायची तर हो, १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा डॉक्युमेंट्रीलाही लागू आहे. फेस्टिव्हलना त्यातून सूट मिळू शकते, यूट्यूबला हे सर्टिफिकेट लागत नाही. बोर्डाने कट सांगितले की सगळं संपलं असं नाही, पटवर्धनांच्याच 'वॉर अँड पीस'ला बरेच कट सुचवले होते, ते मुंबई हायकोर्टात गेले आणि २००३ मध्ये एकही कट न देता फिल्म सुटली. फक्त वकिलाची फी आणि वर्ष-दीड वर्ष बजेटमध्ये कोणी धरत नाही, तू धर.