तलावाच्या काठावरून : टायमिंग अडकलंय

या खेपेला आलेली तिन्ही पत्रं पोहण्यातल्या फ्रीस्टाइलचीच निघाली. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देतेय, कारण तसं पत्र मला दर महिन्याला कुणा ना कुणा आईचं येतं.

ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मुलगी तेरा वर्षांची आहे, सातव्या वर्षापासून पोहते. 100 मीटर फ्रीस्टाइल ही तिची मुख्य इव्हेंट. गेलं वर्षभर टायमिंग जागचं हलत नाही. बालेवाडीला तर आमच्या तलावापेक्षा तीन सेकंद जास्त लागले. सर म्हणतात, शाळा सोडवून पूर्णवेळ पोहायला लावा, नाहीतर करिअर संपलं समजा. काय करू? — एक आई, ठाणे

आधी तलावाची लांबी बघा. तुमचा तलाव 25 मीटरचा असेल, तर शंभर मीटरमध्ये तिला तीन टर्न, म्हणजे भिंतीवरून वळणं, मिळतात. बालेवाडीच्या 50 मीटरच्या तलावात एकच मिळतो. भिंतीला पाय टेकून ढकलताना जो वेग येतो, तो हात मारून कधीच येत नाही. शिवाय मोठ्या तलावात शेवटच्या पंधरा मीटरला पाय जड होतात आणि विसाव्याला भिंत नसते. दोन तलावांची टायमिंग एकाच वहीत एकाखाली एक लिहू नका. दोन वह्या करा. ते तीन सेकंद तिनं गमावलेले नाहीत.

आता वर्षभराचं. तेराव्या वर्षी मुलीचं शरीर बदलत असतं. उंची वाढते, हात लांब होतात, कंबर पाण्यात आधी जिथं तरंगायची तिथं तरंगत नाही. कालपर्यंत बरोबर पाणी पकडणारा हात आज थोडा चुकतो. नव्या शरीरानं पुन्हा पोहायला शिकायचं म्हणजे महिने जातात, कधी वर्षही जातं.

स्वीडनची सारा शोस्ट्रम बघा. 2017 मध्ये बुडापेस्टला तिनं 100 मीटर फ्रीस्टाइल 51.71 सेकंदांत मारली, विश्वविक्रम. 2021 च्या फेब्रुवारीत बर्फावर घसरून कोपर मोडलं, तरी त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकला 50 मीटरचं रौप्य घेतलं. आणि 2024 ला पॅरिसमध्ये 50 आणि 100, दोन्हींचं सुवर्ण. पॅरिसचं तिचं शंभर मीटरचं टायमिंग 52.16. म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या तिच्याच वेळेपेक्षा हळू! सात वर्षं आकडा खाली आला नाही आणि तरी ती ऑलिम्पिकला पहिली आली. हे मुलीला दाखवा, आणि तिच्या सरांनाही.

शाळा सोडवू नका. हे मी एवढं ठासून का लिहितेय ते सांगते. चौदाव्या वर्षी माझा उजवा खांदा दुखायला लागला. कळव्याहून पहाटेची गाडी पकडून मी सरावाला जायचे. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. तेव्हाचे सर म्हणाले, दुखतंय म्हणजे ताकद वाढतेय. मी घरी काही बोलले नाही. एका सकाळी शाळेसाठी वेणी घालायला हात मागे नेला आणि तो खांद्याच्या वर जाईना. आईनं माझ्या हातातून फणी काढून घेतली आणि काही न बोलता वेणी घातली. मग संध्याकाळी मला सरळ डॉक्टरकडे घेऊन गेली. पुढचं दीड वर्ष मी पाण्यात उतरले नाही. त्या दीड वर्षात शाळा होती, मैत्रिणी होत्या, गणिताचा पेपर होता, म्हणून मी सावरले. फक्त तलाव असता तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं. नंतर मी परतले, राज्यासाठी पोहले, आज मुलांना शिकवते.

तेव्हा मुलीला एवढंच विचारा : खांदा दुखतो का? रात्री त्या कुशीवर झोपता येतं का? दुखत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा, मग बाकीचं.

दुखत नसेल, तर एका शनिवारी काठावर उभं राहून मोबाइलवर समोरून तिचं पोहणं टिपा. दोन गोष्टी बघा. हात पाण्यात शिरताना नाकाची रेघ ओलांडून पलीकडे जातो का? जात असेल तर ती सापासारखी वळत जातेय आणि खांद्यावर ताण येतोय. दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीचा स्पर्श. बहुतेक मुलं शेवटच्या दोन हातांत श्वास घेतात, किंवा मान वर करून भिंत बघतात, किंवा हात पुढे टाकून घसरत येतात. तिथं मान खाली, बोटं लांब, आणि हात भिंतीच्या आत जाणार आहे असं समजून मारायचा.

या स्पर्शावर मी माझ्या मुलांचे तास घालवते, त्याचं कारण आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडे. सोळाव्या वर्षी, 2008 ला, तो बीजिंग ऑलिम्पिकला फ्रीस्टाइल पोहला. 2010 ला ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकलं. 1986 च्या खजान सिंगनंतर भारताला त्या स्पर्धेत पोहण्यातलं ते पहिलंच पदक. मग तहसीलदाराची नोकरी, तुटलेला सराव. आणि तरी 2018 ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, 22.43, राष्ट्रीय विक्रम. फायनलला 22.47. कांस्य मिळालं 22.46 ला. एका सेकंदाचा शंभरावा भाग! त्या वेगानं तेवढ्या वेळात माणूस सव्वादोन सेंटिमीटर जातो, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा. पदक हुकलं म्हणून हळहळ वाटतेच. पण मला त्यात जास्त दिसतं ते हे, की नोकरी सांभाळून, मधली वर्षं गमावून, एक मराठी मुलगा सव्विसाव्या वर्षी आशियातल्या पहिल्या चारांत उभा होता. तुमची लेक तेराची आहे.

ताई, मी ऐरोलीचा, अकरावीत आहे. मला 50 मीटर आवडतं, पण सर रोज लांबचं पोहायला लावतात. स्प्रिंटर व्हायचं तर त्याचा उपयोग काय?

उपयोग आहे. पाणी हाताला धरून ठेवायची सवय लांब पोहण्यातच लागते, आणि सकाळची हीट मारून संध्याकाळी फायनलला ताजं उभं राहायचा दमही तिथूनच येतो. पण तुझी तक्रार अगदीच चुकीची नाही. लांबच्या सरावात जो संथ हात बसतो, तोच शर्यतीत आला तर पन्नास मीटर हातचे जातात. सरांना आदरानं विचार, की आठवड्यातून किती वेळा मी पूर्ण जोर लावून पंधरा-पंचवीस मीटर मारायचं, आणि मधे पुरती विश्रांती किती घ्यायची? तो आकडा शून्य असेल तर बोलायला हवं.

आणि घाई करू नकोस. अमेरिकेचा अँथनी अर्विन 2000 ला सिडनी ऑलिम्पिकला एकोणीस वर्षांचा होता. 50 मीटरचं सुवर्ण त्याला गॅरी हॉलबरोबर वाटून मिळालं, दोघांची वेळ एकच. पुढे त्यानं पोहणं सोडून दिलं. त्सुनामीग्रस्तांसाठी ते पदकही विकलं, हे मला फार मोठं वाटतं. मग परत आला, आणि 2016 ला रिओत पस्तिसाव्या वर्षी 21.40 मध्ये तेच सुवर्ण पुन्हा जिंकलं, या वेळी एकट्यानं.

मी नेरूळला राहते. वय चाळीस. कॉलेजात असताना राज्य स्पर्धेत फ्रीस्टाइल पोहले होते. आता पुन्हा स्पर्धेत उतरले तर लोक हसतील का?

नाही हसणार. मास्टर्सच्या, म्हणजे मोठ्या वयाच्या पोहणाऱ्यांच्या, स्पर्धा पंचविसाव्या वर्षापासून पुढे वयोगटांत होतात, तुमच्या वयाच्या बायका त्यात असतात. अमेरिकेची डारा टॉरेस 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये एकेचाळीस वर्षांची होती. 50 मीटर फ्रीस्टाइल 24.07, रौप्य. सुवर्णाची वेळ 24.06.

पहिले दोन आठवडे घड्याळ लावू नका. चारशे मीटर, मधे थांबत थांबत, एवढंच पोहा. खांदे गरम केल्याशिवाय पाण्यात उतरू नका. आणि गॉगल नवा घ्या, जुन्याचं रबर इतक्या वर्षांत सुटलं असेल.