‘आणि’पाशी अडलेली कादंबरी

“तिने खिडकी लावून घेतली आणि”

वाक्य एवढंच. पुढे शब्द नाही, पूर्णविराम नाही, नुसता कर्सर लुकलुकतोय. समोर बसलेल्या बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “सात महिने झाले. रोज फाइल उघडते, एवढं वाचते, बंद करते. बाहेर माणसं मार खातायत, तुरुंगात जातायत आणि मी काय ठरवत बसलेय, तर कादंबरीतल्या बाईने खिडकी लावल्यावर पुढे काय करावं. लाज वाटते हो.”

वय ४६, नोकरी हिशेब विभागात, नावावर दोन कथासंग्रह, आणि ही पहिलीच कादंबरी. (ओळख पटेल असे तपशील बदललेत. हे लिहायला त्यांची परवानगी आहे.) असा प्रश्न घेऊन येणाऱ्या त्या एकट्या नाहीत. राजकारण तापलं, माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागली की ‘या दिवसांत गोष्टी कसल्या रचायच्या?’ हे थोड्याफार फरकाने माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ऐकू येतंच. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर सांगते, माझ्या चुकीसकट.

चूक पहिल्याच भेटीत झाली. मी धीर द्यायला गेले. इंडोनेशियाचे प्रामुद्या अनंता तूर यांचं सांगितलं. १९६५ साली पकडलं, पुढे बुरू बेटावर डांबलं, लिहायला काही मिळेना तेव्हा त्यांनी आपली कादंबरी सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांचंही सांगितलं. १९७८ मध्ये त्यांनी तुरुंगातल्या टॉयलेट पेपरवर कादंबरी लिहिली. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. “ते आत होते,” त्या म्हणाल्या. “मी सोफ्यावर आहे. माझ्याकडे कागदांची अख्खी थप्पी पडलीय.” पुढच्या भेटीला आल्या तेव्हा चेहरा आणखी ओढलेला होता. ज्याला आधीच अपराधी वाटतंय त्याला थोरांचे दाखले देणं म्हणजे गटांगळ्या खाणाऱ्याला पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या गोष्टी सांगणं. इतकी वर्षं हे काम करूनही माझं अधूनमधून असं होतं.

मग मुकाट्याने मूळ कामाला लागले. आधी नैराश्याची चाचपणी केली. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच गोडी वाटत नसती, जगणं नको झालं असतं, तर लिहिण्याचा विषय बाजूला ठेवून त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं. ऑफिस चालू होतं, घरात बोलणं-हसणं होतं. झोप मात्र पाचेक तास. म्हटलं, फोनचा स्क्रीन टाइम दाखवा. बातम्या, व्हिडिओ आणि त्याखालची भांडणं मिळून रोजचे सरासरी चार तास वीस मिनिटं. शेवटची नजर रात्री दीडला.

“मग काय, डोळे मिटून बसू?” त्या जराशा चिडल्याच.

मी त्यांना बॉस्टनच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. २०१३ मध्ये तिथल्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्याच्या बातम्या पाहणाऱ्या लोकांनी, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक तीव्र ताण नोंदवला होता. हा आकडा ऐकून त्या गप्प झाल्या. हिशेबातल्या बाई, आकडा मानतात. ठरलं ते असं: बातम्या दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, त्याही वाचायच्या, पाहायच्या नाहीत, आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत. तीन आठवड्यांत झोप साडेसहा तासांवर आली.

कादंबरी तिथेच. ‘आणि’.

चौथ्या भेटीत त्यांनी नवा आराखडा आणला. खिडकीबाहेर घोषणा देणारा एक शेजारी आहे. नायिका खाली उतरते आणि जिन्यात त्याला चार गोष्टी सुनावते. “कथेने काहीतरी केलं पाहिजे ना,” असं म्हणत त्यांनी ते पान वाचून दाखवलं. मी समीक्षक नाही, पण तो शेजारी माणूस नव्हता, भिंतीवरचं पोस्टर होता, आणि नायिका त्या पोस्टरसमोर भाषण करत होती. वाचता वाचता बाईंचाच आवाज पडत गेला.

“पण ती खिडकी का लावते?” मी विचारलं.

“बाहेर आरडाओरडा चाललाय म्हणून.”

“कोणावर?”

उत्तर नाही. मग मी विचारलं, “तुम्ही कधी लावली होती?” हे ठरवून विचारलेलं नव्हतं, तोंडून निघून गेलं. त्यांनी लॅपटॉप मिटला.

ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप. एका सहकाऱ्याच्या आडनावावरून कुणीतरी ‘विनोद’ टाकला. त्यावर हसणारे चेहरे आले. मग दुसरा, आधीपेक्षा घाणेरडा. बाईंनी उत्तर टाइप केलं. खोडलं. शब्द बदलून पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं. असं दहा मिनिटं. मग ग्रुपची यादी पाहिली, तर त्या सहकाऱ्याचं नाव नव्हतं, त्याने ग्रुप सोडला होता. बाईंनी फोन पालथा ठेवला आणि भांडी आवरायला गेल्या.

“केव्हाची गोष्ट?”

“झाले असतील सात-आठ…” आणि त्या स्वतःच थांबल्या.

लिहिणाऱ्यांना मला जे सांगायचंय ते इथेच. त्यांचा अपराधीपणा खोटा नव्हता आणि तो कमी करणं हे माझं काम नव्हतं. तो फक्त भलत्याच दारात धरणं धरून बसला होता. माणूस म्हणून, सहकारी म्हणून जे एका संध्याकाळी करायचं राहून गेलं ते त्या कादंबरीकडून वसूल करू पाहत होत्या. कादंबरीकडून असली वसुली होत नाही. तिच्यात फक्त पोस्टरं येतात आणि जिन्यातली भाषणं. नागरिक म्हणून राहिलेलं काम नागरिक म्हणूनच करावं लागतं, चार ओळींत का होईना. ते झालं की कथेच्या मानेवरचं जू उतरतं.

त्या संध्याकाळबद्दल लिहा म्हटलं, कुणाला न दाखवण्यासाठी. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ च्या अभ्यासात वापरलेली पद्धत साधी आहे: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल सलग लिहायचं, भाषा-शुद्धलेखन बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी बाई इतक्या अस्वस्थ झाल्या की त्यांनी मला मेसेज केला. असं होतं, आधी सांगून ठेवावं लागतं. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं की त्यांना त्या सहकाऱ्याशी बोलायचंय.

जा म्हणून मी सांगितलं नाही. माफी मागणं म्हणजे पुष्कळदा आपलं ओझं समोरच्याच्या डोक्यावर ठेवणं असतं. ज्याला लागलं त्यानेच मग आपली समजूत काढत बसायचं. यावर आमची एक अख्खी भेट गेली. शेवटी ठरलं ते एवढंच: घडलं ते सांगायचं, माफ करा असा आग्रह धरायचा नाही, त्यांच्यासमोर रडायचं नाही, आणि त्यांनी विषय बदलला तर बदलू द्यायचा.

त्यांनी विषय बदललाच. पण त्याआधी एक वाक्य बोलले. “तुम्ही टाइप करताय असं दिसत होतं मला,” ते म्हणाले. “बराच वेळ दिसत होतं. मी वाट पाहिली थोडी.”

माझ्या खोलीत हे सांगताना बाई खूप वेळ खाली बघत होत्या. मलाही पटकन काही सुचलं नाही.

पुढच्या महिन्यात ग्रुपवर तसाच एक ‘विनोद’ आला तेव्हा त्यांनी एक ओळ टाकली: “असलं इथे टाकू नका.” दोघांनी होकाराचा अंगठा टाकला. एक मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी बसेनाशी झाली, ती अजूनही बसत नाही.

मग त्यांनी पुन्हा मूळ प्रश्न काढला. “ठीक आहे, ते वेगळं आणि हे वेगळं. पण मग लिहायचं तरी कशाला?” साहित्य वाचून माणसाला दुसऱ्याच्या भावना चांगल्या ओळखता येतात, असा २०१३ चा एक गाजलेला प्रयोग आहे. पूर्वी मी तो उत्साहाने सांगायचे. नंतर इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, म्हणून आता सांगत नाही. मी फक्त विचारलं, त्या संध्याकाळची बातमी कशी झाली असती?

त्यांनी विचार केला. “झालीच नसती,” त्या म्हणाल्या. “त्या संध्याकाळी काही घडलंच नव्हतं ना. एका बाईने मेसेज पाठवला नाही, एवढंच. ही काय बातमी आहे?” आणि मग जरा वेळाने, “पण दहा मिनिटं होती ती. दहा मिनिटांची पंधरा पानं होतील.”

सहकाऱ्याचं ते वाक्य कादंबरीत घ्यावं का, असं त्यांनी विचारलं. माझं मत स्पष्ट होतं: ते त्यांचं आहे, विचारल्याशिवाय हात लावू नका. त्यांनी विचारलं. “बघतो” असं उत्तर आलं, त्यानंतर काही नाही. वाक्य अजून कादंबरीच्या बाहेर आहे.

अकराव्या भेटीत त्यांनी पुन्हा लॅपटॉप वळवला. “तिने खिडकी लावून घेतली आणि कडी नीट बसलीय का ते दोनदा पाहिलं.” खाली पानंच्या पानं होती. जिन्यातलं भाषण गेलं होतं.

“एक अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “तो शेजारी आता घोषणा देताना दिसतच नाही. आजारी आईला धरून एकेक पायरी उतरवत असतो. मला त्याचा राग येईनासा झालाय, आणि ते मला अजिबात आवडत नाहीये. हे समुपदेशनात बसतं का?”

“नाही बसत,” मी म्हणाले. “पण वीस मिनिटं आहेत. किती पायऱ्या आहेत त्या जिन्याला?”