यंत्र नेदरलँड्सचे, मग शब्द अमेरिकेचा का चालतो?

प्रश्न : एएसएमएल या डच कंपनीने चिपनिर्मितीचे सर्वांत प्रगत यंत्र चीनला विकू नये, असा अमेरिकेचा आग्रह असतो आणि डच सरकार तो मान्य करते. यंत्र युरोपात तयार होत असताना हे कसे घडते? चीनला ते स्वतः का बनवता येत नाही? भारतातील नव्या प्रकल्पाला ते लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हे यंत्र नेदरलँड्समधील फेल्डहोव्हेन येथे जुळवले जाते, मात्र त्यामागचे ज्ञान आणि त्याचे महत्त्वाचे भाग एका देशाचे नाहीत. आपल्या पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे यातच आहेत.

चिप घडवताना सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, म्हणजे वेफरवर, प्रकाशाच्या साहाय्याने सूक्ष्म आराखडा उमटवतात. रेषा जितक्या बारीक हव्यात, तितकी प्रकाशाची तरंगलांबी लहान असावी लागते. आधीच्या पिढीची यंत्रे १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण वापरतात, तर आपण विचारलेले सर्वांत प्रगत, म्हणजे ईयूव्ही (एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट) यंत्र १३.५ नॅनोमीटरचे. हे किरण हवेत आणि काचेत शोषले जातात, म्हणून सारी प्रक्रिया निर्वातात करावी लागते आणि भिंगांच्या जागी आरसे बसवावे लागतात. किरण निर्माण करण्यासाठी वितळलेल्या कथलाचे अतिसूक्ष्म थेंब सेकंदाला सुमारे ५०,००० या गतीने सोडले जातात; प्रत्येक उडत्या थेंबावर आधी लेझरचा एक सौम्य स्पंद आदळून तो चपटा होतो आणि लगोलग दुसरा प्रखर स्पंद त्याचे प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत, रूपांतर करतो. त्या प्लाझ्मातून हवे ते किरण बाहेर पडतात. मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचे अनेक पातळ थर दिलेला उत्तम आरसाही त्यांपैकी सुमारे ७० टक्केच परावर्तित करतो, त्यामुळे आरशांची मालिका ओलांडून वेफरवर पोहोचणारा प्रकाश मूळच्या मानाने अगदीच थोडा असतो. कारखान्यात नियमितपणे तयार होणाऱ्या यंत्रांमध्ये याहून अवघड यंत्र मला तरी माहीत नाही.

यातील लेझर जर्मनीच्या ट्रम्फ कंपनीचा, आरसे जर्मनीच्याच झाइसचे आणि किरणस्रोत अमेरिकेतील सॅन डिएगो येथील सायमर कंपनीचा. सायमर २०१३ मध्ये एएसएमएलने विकत घेतली, तरी तिचे काम अमेरिकेच्या भूमीवरच चालू राहिले.

अमेरिकेचा संबंध मात्र त्याहून जुना आहे. या किरणांनी आराखडा उमटवण्याचे आरंभीचे प्रयोग १९८०च्या दशकात जपानमध्ये हिरोओ किनोशिता यांनी केले होते. पुढे १९९७ मध्ये इंटेलच्या पुढाकाराने अमेरिकी कंपन्यांचा एक गट स्थापन झाला आणि त्याने लॉरेन्स लिव्हरमोर, सँडिया व लॉरेन्स बर्कली या सरकारी प्रयोगशाळांच्या संशोधनाला पैसा पुरवला. त्या काळी या यंत्रांच्या बाजारात निकॉन आणि कॅनन या जपानी कंपन्या बलाढ्य होत्या, आणि चिपच्या व्यापारावरून अमेरिका व जपान यांच्यात १९८०च्या दशकात झालेला कडवा संघर्ष वॉशिंग्टन विसरलेले नव्हते. निकॉनला या गटात प्रवेश मिळाला नाही. फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या एएसएमएलला मात्र १९९९ मध्ये तो मिळाला. ईयूव्ही यंत्रे आज एकटी एएसएमएल बनवते; या मक्तेदारीत डच अभियंत्यांच्या चिकाटीचा वाटा फार मोठा आहे. पण माझ्या मते, प्रयोगशाळेचे दार कोणासाठी उघडायचे हा त्या वेळचा राजकीय निर्णयही तितकाच महत्त्वाचा ठरला.

यामुळेच अमेरिकेचा शब्द चालतो. यंत्रात अमेरिकी भाग आणि तंत्रज्ञान असल्याने वॉशिंग्टनला निर्यात नियमांचा आधार घेता येतो. शिवाय नेदरलँड्स हा नाटो या लष्करी आघाडीतील अमेरिकेचा मित्रदेश आहे. चीनमधील एसएमआयसी या चिप बनवणाऱ्या कंपनीने मागवलेले ईयूव्ही यंत्र डच परवान्याअभावी २०१९ पासून अडकले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने व्यापक निर्बंध जाहीर केले आणि सप्टेंबर २०२३ पासून आधीच्या पिढीतील काही प्रगत यंत्रांनाही डच सरकारचा परवाना लागू लागला.

चीनने हातपाय गाळलेले नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये बाजारात आलेल्या हुआवेच्या मेट ६० प्रो या फोनमध्ये एसएमआयसीने बनवलेली ७ नॅनोमीटर श्रेणीची चिप आढळली (श्रेणीचा आकडा जितका लहान, तितकी चिप प्रगत). १९३ नॅनोमीटरच्या यंत्रांनी एकच थर अनेक टप्प्यांत उमटवून हे साधता येते, मात्र टप्पे वाढले की खर्च वाढतो आणि निर्दोष चिपांचे प्रमाण घटण्याचा धोकाही वाढतो. संपूर्ण ईयूव्ही यंत्र स्वबळावर उभारायचे, तर आरसे, लेझर, किरणस्रोत आणि वेफर धरून अचूक हालचाल करणारे मंच अशी प्रत्येक शाखा जगातील सर्वोत्तम पातळीवर न्यावी लागेल. चीनकडे पैसा आणि अभियंते दोन्ही आहेत. परंतु इतर देशांना परस्परांच्या मदतीने ज्याला दशके लागली, ते एकट्याने करणे फार कठीण आहे.

भारतापुरते उत्तर सोपे आहे. गुजरातमधील धोलेरा येथे टाटा समूह तैवानच्या पीएसएमसी कंपनीच्या सहकार्याने जो कारखाना उभारत आहे, त्याला केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली. तिथे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या श्रेणीच्या चिपा बनवण्याचे नियोजन असून त्यांना ईयूव्ही यंत्र लागत नाही. आधीच्या पिढ्यांची यंत्रे पुरेशी आहेत, मात्र तीही प्रामुख्याने एएसएमएल, निकॉन आणि कॅनन या तीनच कंपन्या बनवतात.