पायातला पट्टा आणि लेकीची नोकरी

पत्र : आम्ही करवीर तालुक्यातले. थोडा ऊस, चार म्हशी. मुलगी कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याच्या एका कंपनीची ऑफर आलीय. अमेरिकेत इमिग्रेशनच्या केसेस चालू असलेल्या लोकांच्या पायात जीपीएसचा पट्टा बांधतात, त्याचं सॉफ्टवेअर करायचं. पगार चांगला आहे, पण पोरगी नको म्हणते. तिची समजूत कशी घालावी? – एक पालक

दादा, समजूत घालायची घाई करू नका. पोरीनं बहुतेक नीट चौकशी केलीय.

लोकांना डांबून न ठेवता त्यांच्यावर नजर ठेवायचा अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा हा कार्यक्रम 2004 पासून चालतो. त्याचा ठेका बीआय इनकॉर्पोरेटेडकडे आहे. 1978 साली कोलोरॅडोत ही कंपनी निघाली ती गाईंवर लक्ष ठेवायला! तुमच्या म्हशींच्या कानात 12 आकडी बिल्ला असतो ना, त्याच्याच जातीची ही विद्या. 2011 मध्ये जीईओ ग्रुपनं ती विकत घेतली आणि हाच ग्रुप परदेशी लोकांना डांबून ठेवायची केंद्रंही चालवतो. माणूस पट्टा बांधून घरी राहिला तरी यांचं बिल निघतं, आत गेला तरी निघतं. मला खटकतं ते हे.

आता पट्ट्याचं बघा. अनेकांना तो चार्ज करायला भिंतीतल्या प्लगाला पाय जोडून तास-दोन तास बसावं लागतं. बॅटरी उतरली, रेंज गेली, सिग्नल भरकटला की अलर्ट. उसाच्या ट्रॅक्टरवरच्या जीपीएसचा अलर्ट चुकला तर कारखान्यातून ड्रायव्हरला फोन जातो, विषय मिटतो. इथं चुकीच्या अलर्टपायी बाळंतीण बाईसुद्धा अधिकाऱ्यासमोर उभी राहू शकते. तो अलर्ट कधी वाजवायचा, हे ठरवणारा कोड तुमची लेक लिहिणार. ती अडखळली यात नवल नाही. जामीन दिलेल्या आरोपीच्या हालचाली पोलिसांना सतत दिसतील अशी अट घालता येणार नाही, असं आपल्या सुप्रीम कोर्टानंही जुलै 2024 मध्ये म्हटलंय.

नोकरी म्हणूनही भरवसा कमीच. 2022 च्या अखेरीस या कार्यक्रमात साडेतीन लाखांहून जास्त लोक होते, वर्षभरात ते दोन लाखांच्या आसपास आले. तिथलं सरकार बदललं की धोरण बदलतं, आणि प्रोजेक्ट बंद पडला की पहिली गदा पुण्यातल्या पोरांवर. हिशेबाचंही ऐका. ब्रिटनमध्ये आरोपी-गुन्हेगारांना असेच पट्टे बांधणाऱ्या जीफोरएस आणि सर्को या ठेकेदारांनी मेलेल्या, तुरुंगात असलेल्या माणसांच्या पट्ट्यांचीही बिलं लावल्याचं 2013 मध्ये उघड झालं.

तरी तिला एकदा कंपनीशी बोलू द्या. चुकीचा अलर्ट आला तर शेवटचा निर्णय माणूस घेतो का? लोकेशनचा डेटा किती दिवस ठेवता, कुणाकुणाला देता? मला दुसऱ्या प्रोजेक्टवर जाता येईल का? उत्तरं मेलवर मागायची. तोंडी गोड बोलून वेळ मारून नेली तर ती ऑफर सोडलेली बरी, पगार कितीही असो.

जीपीएस, सिम, बॅटरी वाचवणारा कोड हे तिचं शिक्षण कुठं वाया जात नाही. एसटी-ट्रकचं ट्रॅकिंग, पाण्याचे मीटर, म्हशीचा माज ओळखणारे गळपट्टे, सगळीकडं हीच विद्या लागते. सुरुवातीला पगार थोडा कमी मिळेल, हे मात्र तुम्ही मनाशी धरा.

ऑफर लेटरवर उत्तराची शेवटची तारीख बघा आणि तिला आजच आठ दिवस वाढवून मागायला सांगा.