फ्रेंचमध्ये निरोप घेताना ‘पुन्हा भेटू’ रोजच्या बोलण्यात कसे म्हणतात?

पुस्तकात ‘ओ रव्वार’ सापडते, पण फ्रेंच लोक रोज काय म्हणतात, असे आपण विचारले आहे. ‘ओ रव्वार’ रोजच्या वापरातलेच आहे. आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, तसाच पुन्हा दिसण्याचा भाव त्यात आहे आणि ते कोणालाही चालते. मात्र पुढची भेट केव्हा व्हायची हे ठाऊक असेल, तर फ्रेंच माणूस ‘आ’ या एकाक्षरी शब्दापुढे ती वेळ जोडून मोकळा होतो : उद्या भेटायचे असल्यास ‘आ दमँ’, सोमवारी असल्यास ‘आ लँदी’, आज संध्याकाळी असल्यास ‘आ स स्वार’. (अनुनासिक उच्चार देवनागरीत जेमतेमच साधतात.)

घोळ होतो तो वेळ मोघम असताना. ‘आ ब्यँतो’ म्हणजे लवकरच भेटू, मग ते दोन दिवसांनी असो वा दोन महिन्यांनी. ‘आ तू ता लर’ मात्र त्याच दिवशी पुन्हा गाठ पडणार असेल तेव्हाच म्हणायचे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात, सकाळी बगेट (लांबट फ्रेंच पाव) घेऊन निघताना मी बेकरीतल्या बाईंना ऐटीत ‘आ तू ता लर’ म्हणालो, तेव्हा दुपारसाठी आणखी एक बाजूला ठेवायचा का, असे त्यांनी विचारले. मी मान हलवली आणि दुपारी मुकाट्याने जाऊन तो आणला.

मित्रांमध्ये ‘आ प्लु तार’, म्हणजे ‘नंतर भेटू’, याचे ‘आ प्लुस’ होते. गंमत अशी की पूर्ण रूपात न उच्चारला जाणारा ‘स’ आखूड रूपात स्पष्ट ऐकू येतो. मोबाइलवर तर रोमन ‘A’ अक्षरापुढे बेरजेचे चिन्ह टाकले की काम भागते, पण साहेबांना असे लिहू नये. ‘आ अँ द से कात्र’ म्हणजे आपले ‘भेटू कधीतरी’, आणि भरवसाही तेवढाच.

‘आद्यो’ हा कायमचा निरोप असल्याने टाळावा, जरी दक्षिण फ्रान्समध्ये काही ठिकाणी भेटल्यावरही तोच शब्द कानी पडतो. दुकानातून निघताना ‘ओ रव्वार’ला ‘बॉन झुर्ने’ची (दिवस चांगला जावो) जोड द्यावी, संध्याकाळी ‘बॉन स्वारे’ची (संध्याकाळ चांगली जावो). ‘बॉन न्वी’, म्हणजे शुभ रात्री, मात्र झोपायला निघालेल्यालाच म्हणावे, सायंकाळी सात वाजता भाजीवाल्याला नव्हे.