लेखन शिकवायला अमेरिकेत जायचंय? अर्ज भरण्याआधी हे वाच

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत ‘रायटिंग’मध्ये मास्टर्स करायचंय, एवढंच तू कळवलंस. पण या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वाटा आहेत. कथा-कविता लिहायच्या असतील तर एमएफए, म्हणजे सर्जनशील लेखनाची मास्टर्स. मॅन्युअल, अहवाल, अ‍ॅपमधला मजकूर, अनुदानाचे प्रस्ताव लिहून पोट भरायचं असेल तर प्रोफेशनल रायटिंग किंवा टेक्निकल कम्युनिकेशन. कार्नेगी मेलनची एमए ही त्या धाटणीची. आणि लेखन शिकवायचं, त्यावर संशोधन करायचं असेल तर रेटरिक अँड कॉम्पोझिशन, म्हणजे लेखन आणि ते शिकवणं यांचं शास्त्र, ज्यासाठी पर्ड्यूचं नाव घेतलं जातं. कादंबरी लिहिण्याचं स्वप्न सांगणारा अर्ज या तिसऱ्या विभागात गेला, तर प्रवेश समितीला पहिल्याच परिच्छेदात कळतं की या मुलीने आमचा अभ्यासक्रम बघितलेलाच नाही.

तू शिकवण्याकडे झुकते आहेस असं धरून पुढचं लिहितो.

हार्वर्डने 1885 मध्ये पहिल्या वर्षाला लेखनाचा कोर्स सक्तीचा केला आणि ती पद्धत देशभर रुजली. आजही बहुतेक विद्यापीठांत इंजिनिअरिंगपासून नर्सिंगपर्यंतच्या मुलांना तो करावाच लागतो. इतके वर्ग प्राध्यापकांच्या बळावर चालत नाहीत, म्हणून ते मास्टर्स-पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडे येतात. तुझी असिस्टंटशिप म्हणजे हीच नोकरी. शिकवण्याच्या बदल्यात ट्यूशन माफ आणि दरमहा स्टायपेंड. प्रोफेशनल रायटिंगच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत असे वर्ग वाट्याला येत नाहीत, त्यामुळे तिथे खर्च बहुधा आपल्याच खिशातून होतो. माझं स्पष्ट मत आहे की शिकवण्याची डिग्री कर्ज काढून करू नये. पुढे कायम नोकरी मिळेपर्यंत दर कोर्समागे तुटपुंजे पैसे घेऊन शिकवणारे तिथे पुष्कळ आहेत. त्या कमाईतून हप्ते फिटत नाहीत.

आता अर्ज. आपली तीन वर्षांची बीए अनेक विद्यापीठांना अपुरी वाटते, त्यांना सोळा वर्षांचं शिक्षण हवं असतं. इथे एमए झालं असेल किंवा पदवी चार वर्षांची असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर फी भरण्याआधी विभागाला ईमेल करून विचार. शेवटची तारीख साधारण डिसेंबर-जानेवारीत असते आणि आपल्याकडे ट्रान्स्क्रिप्ट हातात पडायला किती हेलपाटे लागतात ते तुला ठाऊक आहेच. ते काम ऑगस्टमध्येच सुरू कर. टोफेलमध्ये, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेत, नुसत्या एकूण गुणांवर समाधान मानू नकोस. वर्ग शिकवायचा असल्यामुळे स्पीकिंगच्या गुणांची अट बहुधा वेगळी आणि कडक असते. प्रवेश मिळूनही वर्ग न मिळण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

शिफारसपत्रं तीन लागतात. ‘विद्यार्थिनी प्रामाणिक व कष्टाळू आहे’ या ओळीचा तिथे काडीचा उपयोग नाही. सरांना तुझा एखादा निबंध, त्यावर त्यांनीच केलेल्या खुणा आणि तू केलेले बदल असं सगळं एकत्र दे, म्हणजे त्यांना नेमकं काही लिहिता येईल.

सर्वांत जास्त वेळ लेखनाच्या नमुन्याला दे. दहा ते वीस पानं मागतात. परीक्षेतलं ‘अमुक कवीच्या काव्यातील निसर्ग’ झटकून पाठवलं की तिथेच घोटाळा होतो, कारण त्यात दहा समीक्षकांची मतं असतात आणि तुझं एकही नसतं. एक प्रश्न घे, पुरावा स्वतः गोळा कर. उदाहरणार्थ, मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजी अहवालात कर्ता का गाळतात? वीस अहवाल संमतीने मिळव, नावं काढून टाक, वाक्यं मोज, मग लिही. भाषेच्या अशा फरकांकडे केवळ चुका म्हणून बघायचं नाही, ही भूमिका या क्षेत्राच्या मुख्य संघटनेने 1974 मध्येच ठरावाने घेतली आहे. म्हणजे तुझं मराठीपण तिथे अभ्यासाचा विषय होऊ शकतं; उद्देशपत्रातही ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ यापेक्षा हा प्रश्न मांड.

शिकवण्याची खरी मेहनत तपासण्यात आहे. वर्गात वीस मुलं, प्रत्येकाचा पाच पानांचा मसुदा, एकाला वीस मिनिटं: एका फेरीला सहा तास चाळीस मिनिटं. दोन वर्ग असतील तर दुप्पट. अशा फेऱ्या सेमिस्टरमध्ये अनेक होतात, आणि त्याच आठवड्यांत तुझे स्वतःचे सेमिनार पेपरही असतात. नवी शिक्षिका इथे प्रत्येक स्वल्पविराम दुरुस्त करत बसते. मुलगा त्या दुरुस्त्या निमूटपणे उतरवतो आणि निबंध होता तिथेच राहतो. ‘सोशल मीडियाचे तरुणांवर अनेक परिणाम होतात’ असं त्याने लिहिलं, तर समासात ‘मोघम’ लिहून थांबू नकोस. ‘तिसऱ्या पानावर तू बहिणीच्या रात्रीच्या जागरणाबद्दल लिहिलं आहेस. तिथून सुरुवात केलीस तर दावा काय होईल?’ असं विचार. एका मसुद्यावर अशा दोन-तीन सूचना पुरे. व्याकरणाची सतत होणारी एकच चूक निवड, एका परिच्छेदात दाखव, बाकीच्या त्याला शोधू दे.

ऑफर आली की हुरळून सही करू नकोस. सेमिस्टरला किती वर्ग, वर्गात किती मुलं, स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा, आरोग्यविमा कोण भरतं, ट्यूशन माफ असली तरी वरच्या फीज किती, हे लेखी विचार. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासच काम करता येतं आणि पहिल्या वर्षी बाहेर नोकरी करता येत नाही, म्हणजे स्टायपेंड कमी पडला तर भर घालायला जागा नाही. शिक्षणानंतरची ओपीटी, म्हणजे याच व्हिसावर नोकरी करण्याची परवानगी, बारा महिन्यांची. प्रत्येक डिग्रीला तिथे विषयाचा एक सरकारी कोड असतो; स्टेमवाल्यांना, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या डिग्र्यांना, मिळणारे वाढीव चोवीस महिने इंग्रजी-लेखनाच्या कोडखालच्या डिग्रीला मिळत नाहीत. टेक्निकल कम्युनिकेशन काही ठिकाणी वेगळ्या कोडखाली असतं, तेव्हा तो कोडही विचार. असिस्टंटशिपच्या ऑफरला उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठं 15 एप्रिलपर्यंत मुदत देतात. कुणी आधीच घाई केली, तर या तारखेचा उल्लेख करून नम्रपणे वेळ माग.

नमुन्याचा विषय ठरला की कच्चा मसुदा पाठव. व्याकरण तपासत बसू नकोस, फक्त प्रश्न आणि पुरावा जागेवर असू दे.

तुझा,
काका